९४४ टर्बोचं इंजिन बांधायलाच हवं

पोर्शे ९४४ टर्बो ज्याच्या दारात उभी आहे, त्याला एक सल्ला हमखास ऐकावा लागतो. इंजिन धूर टाकू लागलं, तेलाचा दाब घसरला किंवा हेड गॅस्केट गेलं, की चार जाणकार सांगतात, ‘हे चार सिलिंडरचं जुनं टर्बो इंजिन बांधत बसू नकोस. काढून टाक आणि जनरल मोटर्सचं एलएस मालिकेतलं व्ही-८ बसव. तेवढ्याच पैशांत ताकद जास्त आणि डोकेदुखी कमी.’ अमेरिकेत हा सल्ला इतका रुळला आहे की त्यासाठी लागणारे ब्रॅकेट, अडॅप्टर आणि एक्झॉस्टचे पाइप तयार संचात विकत मिळतात. जुन्या स्पोर्ट्स कारच्या नादाला लागलेले परदेशातले मराठी इंजिनिअरही आता हाच सल्ला एकमेकांना देऊ लागले आहेत. इंजिनिअर माणसानं मोजमाप न घेता निकाल द्यावा, हे मला पटत नाही. म्हणून हा प्रतिवाद.

आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडतो, कारण तिच्यात तथ्य आहे. १९९७ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटमधून आलेलं एलएस-१ हे अ‍ॅल्युमिनियमचं ५.७ लिटर इंजिन तेव्हा ३४५ अश्वशक्ती देत होतं. त्याचा एकच कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात बसतो आणि व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालतात. त्यामुळे हेडवर कॅमशाफ्ट वागवणाऱ्या व्ही-८पेक्षा ते अंगानं पुष्कळ आटोपशीर आहे. अमेरिकेत ते मुबलक मिळतं, सुटे भाग स्वस्त आहेत आणि त्याची खोड न खोड माहीत असलेले मेकॅनिक गावोगावी आहेत. त्याला विरोध करणारे नेहमी म्हणतात की व्ही-८च्या वजनानं गाडीचा तोल बिघडतो. हा मुद्दा मी वापरणार नाही. टर्बो, इंटरकूलर आणि त्यांचे सगळे नळ धरले तर ९४४ टर्बोचं इंजिनही हलकं नाही, आणि वजनातला फरक वाद जिंकून देण्याइतका मोठा नाही. ‘गाडीचा आत्मा हरवतो’ असंही मी म्हणणार नाही. आत्म्याची गोष्ट काढली की चर्चा संपते, आणि मला ती संपवायची नाही.

प्रतिपक्षाची विधानं चार आहेत. हे इंजिन मुळात कमकुवत आहे. त्याचा टर्बो उशिरा जागा होतो. ते बांधणं महाग पडतं. आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या तंत्रावर पैसे घालण्यात शहाणपण नाही. चारही विधानं तपासून पाहू.

‘कमकुवत’ म्हणण्यापूर्वी इंजिन काय आहे ते पाहायला हवं. ९४४ टर्बो १९८५ मध्ये बाजारात आली. इंजिन २,४७९ सीसीचं, बोअर १०० मिलिमीटर आणि स्ट्रोक ७८.९ मिलिमीटर. पाच लिटरच्या पोर्शे ९२८च्या व्ही-८ची मापं हीच आहेत. म्हणजे ज्या घराण्यातलं व्ही-८ पोर्शेनं आपल्या सर्वात मोठ्या गाडीला दिलं, त्याच घराण्यातलं हे चार सिलिंडरचं भावंड. एकेक सिलिंडर सुमारे ६२० सीसीचा असल्यानं चार सिलिंडरच्या रचनेतला मूळचा हादरा यात ठळक जाणवला असता. तो मारण्यासाठी क्रँकच्या दुप्पट वेगानं फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवले आहेत. मूळ कल्पना इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांची. तिचं आधुनिक रूप मित्सुबिशीकडे पेटंटमध्ये होतं, आणि पोर्शेनं त्याचा परवाना घेतला. जी चांगली गोष्ट दुसऱ्याकडे आहे ती पैसे मोजून घेण्याइतका हा विचार प्रामाणिक होता.

टर्बोसाठी केलेली तयारी याहून बोलकी आहे. पिस्टन फोर्ज केलेले आहेत. कॉम्प्रेशन ८ ला १ इतकं खाली ठेवलं आहे. हेडमधल्या एक्झॉस्टच्या वाटांना आतून सिरॅमिकचं अस्तर आहे, म्हणजे जळालेल्या वायूची उष्णता हेडमध्ये न मुरता टर्बाइनपर्यंत पोहोचते. टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटून न बसवता इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला नेला आहे, जिथे तो तुलनेनं थंड राहतो. टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी खेळतं, आणि इंजिन बंद केल्यावरही एक विजेचा पंप ते पाणी काही वेळ फिरवत राहतो. बॉशच्या मोट्रॉनिक संगणकाच्या जोडीला नॉकिंगवर, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याच्या ठोक्यांवर, कान ठेवणारा दुसरा संगणक आहे. तो कुठल्या सिलिंडरमध्ये नॉक झाला ते ओळखून त्याच सिलिंडरचा स्पार्क मागे घेतो, आणि त्रास चालूच राहिला तर टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, उतरवतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असो वा नसो, या गाडीची ताकद २२० अश्वशक्तीच ठेवली होती, आणि १९८५ मध्ये ते साधणं सोपं नव्हतं.

या घराण्याची परीक्षा गाडी बाजारात येण्यापूर्वीच झाली होती. १९८१ मध्ये ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत वॉल्टर रोल आणि युर्गेन बार्ट यांनी अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन असलेली पोर्शे चालवली आणि एकूण क्रमवारीत सातवा क्रमांक मिळवला. त्या इंजिनाच्या हेडमध्ये सोळा व्हॉल्व्ह होते, रस्त्यावरच्या गाडीला आठ मिळाले. म्हणून दोन्ही इंजिनं एकच, असा दावा मी करत नाही. पण चोवीस तास पूर्ण दाबाखाली पळून येणाऱ्या कल्पनेला ‘मुळात कमकुवत’ म्हणता येत नाही.

मग या इंजिनाची वाईट कीर्ती कुठून आली? तिच्यामागे तीन आजार आहेत, आणि तिन्हींची कारणं माहीत आहेत.

पहिला आजार हेड गॅस्केटचा. गॅस्केट एका दिवसात जात नाही. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्याला नॉकिंगचे हादरे आणि वारंवार तापून थंड होण्याचा ताण वर्षानुवर्षं बसतो, आणि एक दिवस ते हार मानतं. नॉकिंग झालं कारण मिश्रणात पेट्रोल कमी पडलं. पेट्रोल कमी पडलं कारण इंजेक्टर अर्धवट चोंदले होते, आणि मालकानं बूस्ट मात्र वाढवून ठेवला होता. अशा वेळी गॅस्केटला दोष देणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

दुसरा आजार दुसऱ्या क्रमांकाच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. हा खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. लांबच लांब वळणावर इंजिन चढ्या आरपीएमवर ठेवलं की संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, तेल एका बाजूला जातं, पंप तेलासोबत हवा ओढतो, आणि फेसाळ तेलाचा पहिला फटका या बेअरिंगला बसतो. त्यात तेलाची पातळी कमी असेल किंवा तेल जुनं होऊन पातळ झालं असेल, तर बेअरिंग वाचत नाही. उपायही ठरलेले आहेत : संपमध्ये तेल अडवणारे पडदे, पातळी काटेकोर वरच्या खुणेला, योग्य दर्जाचं तेल, ऑइल कूलर साफ, आणि बेअरिंग हा ठरावीक काळानं बदलायचा भाग समजणं. पर्याय म्हणून पुढे केलेल्या एलएस इंजिनालाही रेसट्रॅकवर लांब वळणांत तेल कमी पडण्याचा त्रास होतोच. तिथले लोक त्यावर पडद्यांचा संप आणि तेलाचा राखीव साठा असे उपाय करतात, आणि एवढ्यावरून कुणी एलएस भंगारात काढा म्हणत नाही. मग हाच न्याय ९४४ला का नाही?

तिसरा आजार टायमिंग बेल्टचा. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीनं येतात. पट्टा तुटला किंवा दात चुकला की ते एकमेकांवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बॅलन्स शाफ्टचा पट्टा वेगळा, दोन्ही अंगांनी दात असलेला. तो एका दातानं चुकीचा बसला तरी हादरे मारण्यासाठी असलेले शाफ्ट स्वतःच हादरे देऊ लागतात. पट्ट्याचा ताण मोजण्यासाठी कारखान्यानं खास मापक दिलेला होता. जो अंदाजानं ताण लावतो, त्याच्या हातून कुठलंही पट्ट्याचं इंजिन सुरक्षित नाही. या तिन्ही आजारांत समान काय आहे? देखभाल टाळली, मोजमाप टाळलं आणि दाब वाढवला. ही रचनेची कमजोरी म्हणता येत नाही. ज्यांच्या हाती ही इंजिनं गेली, त्यांच्या सवयींचा तो हिशेब आहे.

ब्लॉकबद्दल थोडं विस्तारानं लिहायला हवं, कारण ‘आम्ही बांधून पाहिलं, तरी धूर टाकतंच’ ही तक्रार इथून येते. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरचं किंवा ट्रकचं डिझेल इंजिन बांधताना लायनर बदलतात, बोअर होन करतात आणि तेल धरून ठेवणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी पाडतात. ओतीव लोखंडाला हा उपाय चोख लागू पडतो आणि आपले मिस्त्री तो उत्तम करतात. ९४४च्या ब्लॉकला मात्र लायनरच नाही. तो अल्युसिल नावाच्या मिश्रधातूचा आहे, ज्यात सुमारे १७ टक्के सिलिकॉन असतं. या धातूत सिलिकॉनचे कठीण कण विखुरलेले असतात. बोअरला शेवटचा हात देताना कणांमधलं मऊ अ‍ॅल्युमिनियम किंचित मागे सारतात, कण उघडे राहतात, आणि पिस्टन त्या कणांवर चालतो. त्यासाठी पिस्टनच्या अंगावर लोहाचा पातळ लेप असतो.

आता या बोअरमध्ये कुणी नेहमीचं होन घातलं तर काय होईल? कण तुटतील, उखडतील आणि उरलेलं मऊ अ‍ॅल्युमिनियम पिस्टनला घासू लागेल. कुणी लेप नसलेले पिस्टन घातले तर दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना धरेल. इंजिन नवं बांधलेलं, बिल भरलेलं आणि काही दिवसांत निळा धूर. मग निष्कर्ष निघतो की हे इंजिन बांधता येत नाही. खरं तर ते बांधलंच गेलं नव्हतं. अल्युसिलची प्रक्रिया जाणणाऱ्याकडून बोअर पूर्ववत करून घेता येतो. नाहीतर बोअरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा निकासिल थर चढवता येतो किंवा लोखंडी लायनर बसवता येतात. तिन्ही वाटा परिचित आहेत. प्रत्येक वाटेला पिस्टन कुठला आणि फट किती, याचं उत्तर वेगळं आहे. फोर्ज केलेला पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून फट ठरवताना त्याच्या बनवणाऱ्यानं दिलेला आकडाच धरायचा.

दुसरं विधान टर्बो उशिरा जागा होण्याचं, म्हणजे लॅगचं. टर्बो दुसऱ्या अंगाला नेल्यामुळे एक्झॉस्टला लांबचा प्रवास करावा लागतो आणि मूळ के-२६ टर्बोच्या टर्बाइनची पाती जड आहेत, हे मान्य. तरी ३३० न्यूटन-मीटरचं पूर्ण टॉर्क ही गाडी ३,५०० आरपीएमला देत होती. आज तीच गाडी ४,००० पर्यंत झोपलेली वाटत असेल, तर काहीतरी बिघडलं आहे. वेस्टगेटची स्प्रिंग थकून झडप आधीच उघडत असेल. एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला एक्झॉस्ट नेणाऱ्या पाइपचे सांधे गळत असतील किंवा त्याला चिरा पडल्या असतील. इंटेक मॅनिफोल्डखालच्या रबरी नळ्या इतक्या वर्षांत कडक होऊन फुटल्या असतील. यातली प्रत्येक गळती शोधता येते : धुराची चाचणी घ्या, दाब देऊन पाहा, वेस्टगेट बाकावर तपासा. ज्यानं यातलं काहीच केलं नाही, त्यानं लॅगबद्दल मत देऊ नये. लॅग आणखी कमी करायचाच असेल तर बॉल बेअरिंगवर फिरणारा, हलक्या पात्यांचा आधुनिक टर्बो त्याच जागी बसतो. त्यासाठी इंजिन फेकण्याची गरज कुठे पडते?

तिसरं विधान पैशांचं, आणि इथे हिशेब सरळ केला जात नाही. बांधण्याचं बिल मांडताना नट-बोल्टपासून सगळं धरलं जातं. व्ही-८चं बिल मांडताना मात्र भंगारातल्या इंजिनाची किंमत आणि तयार संच एवढंच धरतात. त्यात बेल हाउसिंगचं अडॅप्टर, क्लच, बदललेला संप, रेडिएटर, नवीन वायरिंग, पेट्रोलचा पंप आणि गेजना नव्या इंजिनाच्या संगणकाशी बोलायला लावण्याचं काम कुठे असतं? शिवाय ९४४चा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे आणि तो ऑडीच्या वंशातला आहे. टर्बोत त्याच्याकडून ३३० ते ३५० न्यूटन-मीटरची अपेक्षा होती, तर एलएस-१ सुमारे ४७५ देतं. म्हणजे इंजिनानंतर गिअरबॉक्सचीही पाळी येणार.

एवढं करूनही पेट्रोलच्या जुन्या नळ्या, ब्रेकचे कॅलिपर आणि सस्पेन्शनचे बुश तसेच राहतात, कारण सगळं लक्ष पुढच्या अवजड बदलावर गेलेलं असतं. इंजिन बांधणारा माणूस त्याच वेळी या गोष्टींकडे वळतो, कारण त्याला गाडी वाचता येऊ लागलेली असते. म्हणून म्हणतो, खर्चाची तुलना करायची तर दोन्ही बिलं एकाच काटेकोरपणानं करा. बांधणं स्वस्त आहे असं मी म्हणत नाही. ते महाग आहे. पण त्यातला प्रत्येक रुपया, डॉलर किंवा युरो अशा यंत्रात जातो ज्याचे भाग, मापं आणि दुरुस्तीच्या पद्धती पुस्तकात छापलेल्या आहेत. एकट्या माणसानं जोडलेल्या दोन कंपन्यांच्या गाडीचं पुस्तक कुणी छापलेलं नसतं. ती विकताना गिऱ्हाइकाला काय दाखवणार, आणि बिघडल्यावर दुसऱ्या शहरातल्या मेकॅनिकला काय सांगणार?

चौथं विधान जुन्या तंत्राचं, आणि इथे मला दुसऱ्या आघाडीवरही बोलायचं आहे. इंजिन बांधा म्हणणाऱ्यांतले बरेच जण पहिल्याच दिवशी जास्त बूस्टची चिप बसवतात. इंजिनाची बदनामी व्ही-८वाल्यांपेक्षा यांनी अधिक केली आहे. संगणकातली चिप बदलून बूस्ट चढवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला धावायला लावणं. हिशेब करून पाहा. २० अंश सेल्सिअसची हवा कॉम्प्रेसरनं बाहेरच्या दाबावर ०.७५ बार आणखी दाबली आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती इंटरकूलरच्या तोंडाशी सुमारे ९० अंशांवर पोहोचते. दाब १ बार केला की ११०. आणि लहान कॉम्प्रेसर त्याच्या आवाक्याबाहेर ढकलल्यामुळे कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर तोच १ बार १२५च्या पुढे नेतो. गेजवरचा काटा तिथेच, पण सिलिंडरमध्ये जाणारी हवा वेगळी. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे ताकद अपेक्षेइतकी वाढत नाही. आणि तापलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच पेटतं, म्हणजे नॉकिंग मात्र वाढतं.

म्हणून अपग्रेडचा क्रम उलटा हवा. आधी उष्णता कमी करा आणि मोजमाप वाढवा, ताकद शेवटी वाढवा. इंजेक्टर धुऊन प्रत्येकाचा प्रवाह तपासा. हवा मोजणाऱ्या जुन्या झडपेऐवजी अडथळा न करणारं सेन्सर लावा. मिश्रण सतत दाखवणारं वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवा. इंटरकूलर आतून तेलमुक्त करा किंवा मोठा घ्या. ९८ ऑक्टेनचं पेट्रोल मिळत असेल तर तेच घाला. हेड गॅस्केट नवं, स्टड चांगल्या पोलादाचे, आणि ब्लॉक-हेडचे पृष्ठभाग त्या गॅस्केटला हवे तितके गुळगुळीत. हेडच्या इंटेक बाजूला हवेची वाट मोकळी करता येते. एक्झॉस्ट बाजूला मात्र ग्राइंडर लावू नका, कारण सिरॅमिकचं अस्तर तडकलं तर तुकडे थेट टर्बाइनमध्ये जातात. यानंतर जो टर्बो निवडाल तो आपल्या इंजिनाच्या हवेच्या गरजेइतकाच, कार्यक्षमतेच्या मधल्या पट्ट्यात चालणारा हवा. हवा थंड आणि वाट मोकळी असेल तर पूर्वीपेक्षा कमी बूस्टवर तेवढीच ताकद मिळते. मग हवी असेल तर पुढची मागा.

बॅलन्स शाफ्ट काढून टाकण्याची शिफारसही होते. थोडी अश्वशक्ती वाचते आणि पट्ट्याचं झंझट संपतं, असं सांगितलं जातं. शर्यतीच्या गाडीत, जिथे इंजिन वारंवार उघडलं जातं, तिथे तो निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा. रस्त्यावरच्या गाडीत मात्र हे करू नये. तो हादरा कुठेतरी जाणारच, आणि तो ब्रॅकेट, नळ्या, सांधे आणि माणसाच्या हाडांत जातो.

आता तिसरा गट, म्हणजे कारखान्यातून जशी आली तशीच ठेवा म्हणणारे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. कारखान्यानं स्वतः हे इंजिन कधी स्थिर मानलं? १९८८ मध्ये टर्बो एस आली : मोठ्या घराचा के-२६, २५० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर. पुढच्याच वर्षी ते इंजिन सगळ्या ९४४ टर्बोंना मिळालं. १९९३ मध्ये ९६८ टर्बो एसमध्ये तीन लिटरच्या ब्लॉकवर आठ व्हॉल्व्हचंच हेड ठेवून पोर्शेनं ३०५ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर काढले. कल्पना तीच, पुढची पायरी. म्हणजे विचारपूर्वक केलेलं अपग्रेड हा या इंजिनाचा घरचा संस्कार आहे. जर्मनीचा कायदाही जवळपास हाच विचार मांडतो. तिथे ३० वर्षांहून जुन्या, नीट जपलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते, आणि गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत होत असत तसे बदल तिच्यात चालतात. १९८६च्या गाडीला टर्बो एसचा टर्बो त्या चौकटीत बसतो. १९९७चं अमेरिकन व्ही-८ बसत नाही. कायदा म्हणतो म्हणून ते बरोबर, असं मी म्हणत नाही. पण जपणूक आणि सुधारणा एकत्र नांदू शकतात, हे तिथल्या वाहतूक खात्यालाही पटलेलं आहे.

राहिला शेवटचा प्रश्न : एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते ९४४ टर्बोचं इंजिन हा १९८०च्या दशकातल्या विचाराचा चालता दस्तऐवज आहे. आकार न वाढवता ताकद कशी काढायची, तीही उष्णतेला आवर घालून, संगणकाला नॉकिंग ऐकायला शिकवून आणि धुराड्यातून स्वच्छ वायू सोडून, या प्रश्नाला त्या काळी दिलेलं ते एक उत्तम उत्तर आहे. आज रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकमध्येही लहान टर्बो इंजिन, नॉक सेन्सर आणि पाण्यानं थंड होणारा टर्बो असतो. त्या विचाराचं जुनं, उघडून पाहता येणारं, हातानं बांधता येणारं रूप आपल्याजवळ असताना ते काढून दुसऱ्याच विचाराचं यंत्र बसवणं हे अज्ञान पसरवणं आहे. असं इंजिन स्वतः उघडून, मोजून, पुन्हा जोडणाऱ्या तरुणाला उष्णता, घर्षण, धातू आणि नियंत्रण या चार विषयांचं जे शिक्षण मिळतं, ते कुठल्याही तयार संचासोबत मिळत नाही. मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते, आणि या वादात उतरण्याचं कारणही हेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘काढून टाक’ म्हणालं, तर त्याच्याकडे आकडे मागा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती? लीक-डाउन चाचणीत हवा कुठून निसटते : रिंगांतून, व्हॉल्व्हमधून की गॅस्केटमधून? इंजिन तापल्यावर तेलाचा दाब किती राहतो? उघडलेल्या बेअरिंगची झीज आणि बोअरचं माप काय? क्रँक तडकला असेल, ब्लॉक फुटला असेल आणि दुसरा ब्लॉक मिळतच नसेल, तर इंजिन बदला, मीही तेच सांगेन. पण हे आकडे ज्याच्याजवळ नाहीत, त्याचा सल्ला ऐकण्याचं बंधन कुणावर नाही. आकडे आल्यावर बहुतेक वेळा उत्तर एकच येईल : हे इंजिन दुरुस्त होऊ शकतं, सुधारू शकतं, आणि त्याच्या जागी तेच राहायला हवं.